बाहेरून लावलेलं दार

लोणावळ्याला जाऊन आले असं सांगितलं की सोलापुरात पहिला प्रश्न चिक्कीचा येतो. आमच्या कॉलनीतल्या तिघींनी तो विचारला आणि तिघींनाही मी विसरले म्हणून सांगितलं. विसरले नव्हते. चिक्कीच्या दुकानांच्या रांगेसमोरून जीप गेली तेव्हा गाडी थांबवा म्हणायचं माझ्यात त्राण नव्हतं. का नव्हतं, ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसले आहे. धबधबे, लेणी, धुकं यांसाठी कोणी हे वाचायला घेतलं असेल तर आधीच सांगते, त्यातलं मी फारसं काही पाहिलेलं नाही.

मी चित्रकलेची शिक्षिका होते. एकतीस वर्षं शाळेतली मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली. रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नका, हे वाक्य जितक्या वेळा म्हटलं तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल. माझा कॉलेजातला वर्गमित्र मधू याच्या अगदी उलट. त्याच्या चित्रांतली माणसं तेव्हापासून वाकडीतिकडी, चेहरे हिरवे, आभाळ तांबडं. अभिव्यक्तिवाद म्हणतात त्याला. डोळ्यांना दिसतं ते बाजूला ठेवायचं आणि आत जे होतं ते काढायचं, मग नाक जागेवर राहो न राहो. युद्धात आणि उपासमारीत होरपळलेली माणसं युरोपातल्या चित्रकारांनी अशी रंगवली, हे आम्ही सगळ्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलं. मधूने ते मनावर घेतलं. मी नोकरी धरली, आणि तो कार्ल्याला भाताच्या एका जुन्या गोदामात राहायला गेला तो तिथेच म्हातारा झाला.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. चित्रं लावायला भरवशाचं माणूस नाही, चार दिवस ये, म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, म्हणून गेले.

उर्से

मुंबईला जाणाऱ्या बसने मला उर्से टोलनाक्याशी उतरवलं. उतरवलं म्हणजे जवळजवळ टाकलंच. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मधूसाठी नेलेला शेंगाचटणीचा डबा. पाय टेकायच्या आत बस हलली आणि डबा रस्त्यावर. झाकण एकीकडे, चटणी एकीकडे. मधूने पाठवलेला जीपवाला पळत आला आणि डब्यात उरलेली निम्मी चटणी त्याने मोठ्या काळजीने झाकली. संतोष त्याचं नाव. तिशीतला, अंगाने भरलेला, बोलायला कमी. लोणावळा स्टेशनवरून पाहुण्यांना फिरवायची जीप चालवतो, एवढंच त्याने विचारल्यावर सांगितलं.

आमच्याकडे गाव यायच्या आधी दहा मैलांवरून दिसायला लागतं. इथे डोंगर एकदम पुढ्यात येऊन उभा राहतो. भातकापणी उरकत आली होती. खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या, कुठे झोडणी चालू होती, आणि वर पुलावरून मुंबईच्या गाड्या सुसाट. हवेला ओल्या पेंढ्याचा वास होता. थोडं आडवाटेला गेल्यावर पत्र्याच्या शेडची एक रांग लागली. त्यातल्या एका शेडचा पत्रा कोरा करकरीत होता. तिथे संतोषने गाडी जोरात काढली. मला वाटलं, रस्ता चांगला आहे म्हणून.

कार्ले

मधूच्या गोदामात शिरले आणि मागे सरले.

नऊ फूट रुंद, सहा फूट उंच कॅनव्हास. एक बंद शटर, आतून पाहिलेलं. चित्रात सरळ रेषा तेवढ्या त्या शटरच्या होत्या, बाकी काहीच सरळ नव्हतं. चार बाया शटरला भिडलेल्या, तळवे तोंडापेक्षा मोठे, अंगांचा रंग पिकलेल्या जखमेसारखा पिवळा-जांभळा. त्यांतली सगळ्यात पुढची एक पोरगी. तिचं तोंड इतकं उघडं की चेहरा म्हणून दुसरं काही उरलेलंच नाही, आणि मनगटात हिरव्या बांगड्या, त्या मात्र एकेक नीट मोजून काढलेल्या. काळ्या रंगात त्याने राख कालवली होती. कुठली, ते मी विचारलं नाही.

मधूने चहा करता करता सांगितलं. मघाशी लागलेल्या त्याच शेडमध्ये स्पंजच्या पॅकिंगचं काम चालायचं. तो समोरच्या टपरीवर बसून कामगारांची स्केचेस करायचा. बाया त्याला फोटोवाले मास्तर म्हणायच्या. सुदुंबऱ्याची शीतल, बावीस वर्षांची, रोज वही ओढून घेऊन बघायची आणि मला जरा गोरी काढा की, म्हणून हसायची. गेल्या वर्षी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, शेडला आग लागली. शटरला बाहेरून कुलूप होतं. मधूने आतून मारलेल्या थापा ऐकल्या. कटर आणून शटर कापेपर्यंत त्या थांबल्या होत्या. शीतलसकट चौघी गेल्या.

पोलिसांच्या कागदावर मात्र वेगळंच आलं. दार उघडं होतं, बाया जेवून लवंडल्या होत्या, धुराने झोपेतच गेल्या. मधू जबाब द्यायला गेला तर तुम्ही लांब होतात आजोबा, म्हणून त्याला वाटेला लावलं. चौघींच्याही घरच्यांनी आमची काही तक्रार नाही म्हणून सह्या केल्या. शेडवर नवा पत्रा पडला आणि काम पुन्हा सुरू झालं.

"माझं कोणी लिहून घेतलं नाही," मधू म्हणाला, "मग मी काढलं."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आयुष्यभर मी मुलांना फळांची टोपली आणि देखावा काढायला लावला, आणि हा माणूस इथे एकटा या थापा ऐकत बसला होता. मला स्वतःची लाज वाटली, हे सांगायला हरकत नाही. प्रदर्शनाचं उद्घाटन शीतलच्या आईच्या हातून करायचं त्याने ठरवलं होतं. मुलीचं चित्र आहे एवढं तिला कळवलं होतं. रीतसर बोलावणं करायला मी जावं, बाईमाणूस गेलेलं बरं, असं त्याचं म्हणणं पडलं. मला ते सगळं पटलं.

सुदुंबरे

दुसऱ्या दिवशी साडी आणि नारळ घेऊन निघाले. जीप एका बैठ्या घरापुढे थांबली आणि संतोष चपला काढून सरळ आत गेला, तेव्हा कुठे मला कळलं की हे त्याचंच घर. शीतलची आई हौसाबाई त्याची सख्खी आत्या. नवरा गेल्यावर ती लेक घेऊन माहेरी भावाकडे आली. आता भाऊही नाही, भावजयही नाही. घरात ती आणि हा भाचा, दोघंच. सगळी आळी तिला हौसाआत्या म्हणते, मीही म्हणाले.

न जेवता सोडायची नाही म्हणाली. नव्या इंद्रायणी तांदळाचा भात होता, मऊ आणि चिकट, वर पावट्याची आमटी. आमच्याकडे भात म्हणजे भाकरी झाल्यावर शेवटी दोन घास. इथे भातच जेवण. मी ज्वारीच्या गावची म्हणून तिने माझ्यासाठी मुद्दाम एक भाकरीही थापली आणि बोलत बोलत ताटात टाकली.

शीतलचं ती सहज बोलत होती, हे मला नवल वाटलं. मग कारण कळलं.

"झोपंतच गेली बाई ती. दुपारची जेवली, लवंडली, धुरानं गेली. तिला कळलं बी न्हाई. संतोष तितंच कामाला व्हता, त्यानं मला सांगितलं. तोंडाव एक डाग न्हवता. मला बघू दिलं न्हाई, गाठोडं बांदूनच आणलं, पर ह्यानं बघितलं." मग माझ्या ताटात आमटी वाढत म्हणाली, "त्यावरच मला झोप लागती. न्हाईतर मी कवाच गेली असती. मास्तरांनी काढलीया न्हवं तिला? डोळं भरून बघीन."

मी हातातला घास खाली ठेवला. नारळ दिला, साडी दिली, काय बोलले ते मला आठवत नाही.

परतताना इंद्रायणीच्या पुलाअलीकडे संतोषने जीप कडेला घेतली. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बोलला. तो त्या शेडचा सुपरवायझर होता. जेवणाच्या सुट्टीत बाया घरी पळतात, परत यायला उशीर करतात, म्हणून मागचं दार कायमचं बंद केलेलं आणि पुढच्या शटरला तेवढा अर्धा तास बाहेरून कुलूप, असा मालकाने नियम केलेला. चावी संतोषकडे. रोज लावायचा तसं त्या दिवशी लावलं आणि नाक्यावर जेवायला गेला. ओरडा ऐकून पळत आला तेव्हा कुलूप तापलं होतं, चावी फिरेना. आत्याला झोपेचं त्यानेच सांगितलं. कागदावर सही करायला तिला त्यानेच नेलं.

"मास्तर येरवी सांजंला यायचे, चावीचं त्यांना ठाव न्हाई. मालक सोडून कुनालाच न्हाई," तो म्हणाला. "तेवडं चित्र आत्याला दावू नका बाई. तिला माज्याबिगर कोन न्हाई आन मला तिच्याबिगर."

त्याच्यावर चिडावं की त्याला जवळ घ्यावं, मला कळेना. दाखवणार नाही म्हणून मी शब्द दिला. दिला तेव्हा खरंच वाटत होतं की एवढं तरी आपल्याला जमेल.

लोणावळा

तोवर चित्र रिसॉर्टच्या भिंतीला ठोकून झालं होतं. टेम्पोतून आणायलाच सहा माणसं लागली होती. काढायचं तर पुन्हा सुतार, पुन्हा परवानगी. संध्याकाळी मी मधूशी भांडले. चावीचं बोलले नाही, फक्त झोपेचं सांगितलं. तो हादरला. आईला माहीत असेल असंच तो धरून चालला होता. पण लगेच सावरला आणि म्हणाला, त्या खोट्यावरच तिची सही घेतली आहे, तेच खोटं आपण झाकायचं का?

"त्या खोट्यावर तिला झोप लागते," मी म्हणाले. "तुझ्या चित्राने ती झोप जाईल. त्याच्या बदल्यात तू तिला काय देणार आहेस?"

तो ब्रश पुसत बसला. त्याने ज्यांच्यासाठी हे रंगवलं होतं ती माणसं हे बघणार नव्हती. जी बघणार होती ती दोन दिवस हवापालटाला आलेली. शेवटी ठरलं असं: शीतल डबा खात बसलेली, असं एक लहान चित्र होतं, जिवंतपणीच्या स्केचवरून केलेलं. हौसाआत्याला ते दाखवायचं. ती कार्यक्रमात असेपर्यंत मोठं चित्र झाकून ठेवायचं आणि ती घरी गेली की उघडायचं.

झाकायचं काम मी अंगावर घेतलं. रिसॉर्टवाल्यांनी मरून रंगाचं सॅटिनचं कापड दिलं. शाळेच्या एकतीस स्नेहसंमेलनांचा सराव हातात होता. कापडाला एकसारख्या चुण्या घातल्या, कडा टाचून घेतल्या, मधोमध सोनेरी फीत बांधली आणि सवयीने तिला फुलासारखी गाठ मारली. लांब जाऊन पाहिलं, छान दिसत होतं. स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी चारला कार्यक्रम. खिडक्यांपाशी धुकं येऊन टेकलं होतं. अर्ध्या चड्डीतले पाहुणे, त्यांची मुलं, काड्या टोचलेले चिमुकले वडापाव. हौसाआत्या मी नेलेली साडी नेसून आली होती. संतोष दाराशी उभा राहिला, आत आलाच नाही. मी तिला लहान चित्रापाशी नेलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली, मग पदराने तोंड पुसून हसली. "व्हय, ही माजीच. अशीच पाय पसरून जेवायची. लय वंगाळ सवय," म्हणाली. तिने चित्रातल्या डब्याला बोट लावलं आणि बोट कपाळाला लावलं. मला वाटलं, निभावलं. त्या चार दिवसांतला तेवढाच एक क्षण मला पुन्हा हवासा वाटतो.

मी पेढ्यांचं ताट आणायला गेले. मधूला एका पाहुण्याने पलीकडच्या भिंतीशी अडकवून ठेवलं होतं. आणि माइकवर असलेल्या रिसॉर्टच्या मुलीला समोर काय दिसलं? चुण्या घातलेलं कापड, सोनेरी फीत, फुलासारखी गाठ. आपल्याकडे अशी गाठ कशासाठी बांधतात ते पोराटोरांना कळतं. "मुख्य चित्राचं अनावरण आता आपल्या आजच्या पाहुण्यांच्या हस्ते," असं ती म्हणाली आणि हौसाआत्याचा हात धरून तिला फितीपाशी घेऊन गेली. मी थांबा म्हणाले. माइकपुढे माझा आवाज कोण ऐकतो? लोक टाळ्या वाजवायला लागले होते. आत्याने फीत ओढली. माझी गाठ एका झटक्यात सुटली, चांगली बांधलेली गाठ तशी सुटते.

टाळ्या एकेक करत थांबल्या. एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले आणि त्याला बाहेर नेलं.

हौसाआत्याने चेहऱ्याकडे पाहिलं, पण तिथे ओळखायला काही नव्हतं. मग तिची नजर बांगड्यांवर आली. ती त्या मोजत होती, ओठ हलताना मला दिसले. मोजून झाल्यावर ती वळली. मधू तिच्यापाशी पोचला होता.

"मास्तर, तुमी बघितलं?"

"हो."

"निजलेली न्हवती?"

मधू खोटं बोलला असता तर मी त्याचे पाय धरले असते. तो नाही म्हणाला.

"दार कुनी लावलं व्हतं?"

"ते मला माहीत नाही, आत्या," मधू म्हणाला. हाच प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून त्याने वर्षभर रंगवलं होतं, आणि विचारला गेला तेव्हा तो लहान मुलासारखा रडायला लागला.

मग तिने दाराकडे पाहिलं. संशयाने नाही. वर्षभर तिला सगळं संतोषनेच सांगितलं होतं, म्हणून हेही त्यालाच विचारायचं, इतकंच. "संतोष, तू तितं व्हतास न्हवं? चावी कुनापाशी असायची?"

दाराशी माणसं होती, त्यांनी वाट करून दिली. त्याला पळून जाता आलं असतं. तो म्हणाला, "माज्यापाशी."

हौसाआत्याने मान हलवली. खाली पडलेलं कापड उचललं, घडी घातली आणि माइकवाल्या मुलीच्या हातात दिलं. "चल," ती त्याला म्हणाली, "अंदार पडायच्या आत घरी जाऊ."

परत

त्या दोघांना एकटं सोडायचा मला धीर होईना, म्हणून मीही जीपमध्ये मागे बसले. मधू चित्रासमोर तसाच उभा होता. ते चित्र आता तिथे नाही. सकाळी नाश्त्याला येणाऱ्यांना त्रास होतो म्हणून दुसऱ्याच दिवशी रिसॉर्टवाल्यांनी सुतार बोलावून ते कपडे धुतात त्या खोलीमागच्या बोळात हलवलं. मधूने त्यानंतर ब्रश हातात घेतलेला नाही. रंगवून काय होतं, असं त्याने मला फोनवर विचारलं. एरवी मी त्याला झापलं असतं.

चिक्कीची दुकानं गेली, मग कापलेली खाचरं. लोणावळा ते सुदुंबरे एवढ्या रस्त्यात हौसाआत्या फक्त दोनदा बोलली.

"जेवाया गेलतास?" तिने विचारलं.

"व्हय."

कार्ल्याचा फाटा मागे पडला. "काय खाल्लंस?"

"मिसळ," संतोष म्हणाला.

मी मागे बसून तोंडात पदर कोंबला होता. तिने त्याला मारावं, शिव्या द्याव्यात, निदान मोठ्याने रडावं, असं मला वाटत होतं. आमच्याकडे असतं तर गल्ली गोळा झाली असती. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि रस्ता बघत होती.

घरापुढे गाडी थांबली. जीपची पायरी उंच आणि तिचे गुडघे धरलेले. संतोष पुढून वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि दोन हात लांबच थांबला. पुढे यायची त्याची हिंमत होत नव्हती. मी खाली उतरले आणि माझा हात पुढे केला. तिने तो धरलाही. मग तशीच बसून राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बाई, तुमाला ठाव व्हतं?"

मी हो म्हणाले.

तिने माझा हात सोडला. संतोषकडे हात केला, त्याच्या खांद्यावर सगळं अंग टाकून खाली उतरली, आणि त्याला धरून घरात गेली.